तुझी प्रोजेक्ट फाइल कोण उघडणार आहे?

पत्र थोडक्यात: एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय. आठ महिने झाले ती मोशन ग्राफिक्स, म्हणजे व्हिडिओतली हलती अक्षरं आणि आकार, शिकतेय, नोकरी सांभाळून, रात्री बसून. सुरुवात नेट्रॉन या सॉफ्टवेअरवर केली कारण ते फुकट आणि ओपन सोर्स, मग अक्षरांची कामं मनासारखी जमेनात म्हणून दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या फ्यूजनवर आली. ॲडोबीच्या आफ्टर इफेक्ट्सचं दर महिन्याचं सबस्क्रिप्शन सध्या झेपणारं नाही आणि क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, वापरायचा नाही हे तिचं पक्कं आहे. पण जिथे बघावं तिथे ट्यूटोरियल आफ्टर इफेक्ट्सचं, नोकरीच्या जाहिरातीत नाव त्याचंच, आणि ओळखीतला एक सीनियर म्हणाला, "चुकीच्या गाडीत बसलीयेस, पुढच्या स्टेशनला उतर." आठ महिन्यांत हार्ड डिस्कवर ४० च्या आसपास अर्धवट प्रोजेक्ट जमलेत, पूर्ण एकही नाही. सगळ्यात जास्त मजा आली ती हलत्या कॅमेऱ्याच्या शॉटमध्ये भिंतीवर अक्षरं चिकटवताना. ती विचारते, "ताई, माझे आठ महिने वाया गेले का? आत्ताच सोडून आफ्टर इफेक्ट्स धरू की हट्टाने इथेच राहू?" आणि जाता जाता आणखी एक: लोगोच्या कडेला मळकट काळी रेघ येते, मित्र म्हणतो हा फ्यूजनचाच प्रॉब्लेम, खरंय का?

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना नजर त्या ४० अर्धवट प्रोजेक्टवर अडकली आणि मला वाटतं खरं दुखणं तिथे आहे, त्याच्याकडे येतेच, पण आधी तू जे सरळ विचारलंयस त्याचं सरळ उत्तर.

आठ महिने वाया गेलेले नाहीत. तू कीफ्रेम (कुठल्या क्षणी वस्तू कुठे असेल याची खूण) लावायला शिकलीस, ईझ म्हणजे हालचालीचं हळू सुरू होणं, हळू थांबणं, ते कर्व्हमध्ये डोळ्यांनी बघितलंस, मास्क काढलेस, ट्रॅकिंग केलंस, अल्फाशी, म्हणजे पारदर्शकतेशी, झटापट केलीस. यातलं काहीच एखाद्या कंपनीच्या मालकीचं नाही. शेक नावाचं एक कॉम्पोझिटिंगचं, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका शॉटमध्ये मिसळायचं, सॉफ्टवेअर होतं, सिनेमाच्या इफेक्टच्या कामात एकेकाळी त्याचा दबदबा होता, ॲपलने २००२ मध्ये ते बनवणारी कंपनीच विकत घेतली आणि २००९ मध्ये त्याची विक्री बंद झाली. वर्षानुवर्षं त्यावर काम केलेली कितीतरी माणसं मग न्यूक या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे गेली, आणि त्यांना काही पहिलीच्या वर्गात जाऊन बसावं लागलं नाही, कारण नोड, म्हणजे एकेका कामाचे डबे, वायरने जोडून विचार करायची सवय त्यांच्याबरोबर गेली. बटणं कुठे आहेत ते मात्र नव्याने शोधावं लागतंच, उद्या तू बदललंस तर तुलाही लागेल, पण ते काही आठवड्यांचं काम आहे, आठ महिन्यांचं नाही.

आता ती "चुकीची गाडी". तुझ्या सीनियरचा हेतू चांगलाच असणार, त्याला स्वतःला ज्या रस्त्याने काम मिळालं तोच त्याने तुला दाखवला. पण आपण नकळत काय करतो, कमी लोक वापरतात म्हणजे कमी दर्जाचं असं धरून चालतो. फ्यूजनचा जन्म १९८७ सालचा, सिडनीतल्या एका स्टुडिओने ते स्वतःच्या कामासाठी बनवलं होतं आणि बाहेर विकायला १९९६ मध्ये काढलं. आफ्टर इफेक्ट्स आलं १९९३ मध्ये. म्हणजे वयाने आणि अनुभवाने दोघं साधारण बरोबरीचे, फक्त वेगवेगळ्या घरांत वाढले. आफ्टर इफेक्ट्स लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांवर, चालतं, आणि ज्या डिझायनरच्या हाताखाली आधीच फोटोशॉप होतं त्याला लेयर समजवावे लागले नाहीत, तो सहज आत शिरला. फ्यूजन नोडवर चालतं, ते शॉट बनवणाऱ्यांच्या घरात राहिलं. २०१४ मध्ये रिझॉल्व्हवाल्या ब्लॅकमॅजिक कंपनीने ते घेतलं आणि २०१८ मध्ये रिझॉल्व्ह १५ च्या आत त्याचं एक पेज केलं, त्यामुळे आज एडिटिंगसाठी रिझॉल्व्ह घेतलेल्या कितीतरी लोकांच्या मशीनवर फ्यूजन आपोआप येऊन बसलेलं असतं, ते ते पेज उघडतच नाहीत एवढंच. तू उघडलंस.

पण म्हणून इथेच राहा असं मी म्हणणार नाहीये. तुझ्या प्रश्नात "हे की ते" आहे आणि मला वाटतं या दोन्हीच्या आधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा: तू केलेली प्रोजेक्ट फाइल तुझ्यानंतर कोण उघडणार आहे?

हा प्रश्न मला एका चुकीतून मिळाला. सुरुवातीच्या काळात एका छोट्या टीममध्ये मी सगळी टायटल्स मला आवडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती, दिसायला छान झाली, सगळे खूश. मग मी दोन दिवस आजारी पडले आणि नेमकं त्याच दिवशी एका नावातली एक वेलांटी बदलायची वेळ आली. माझी फाइल टीममधल्या कुणालाच उघडता येईना. त्यांनी शेवटी माझं ॲनिमेशन बाजूला ठेवून साधं नाव टाकून काम पाठवलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, मला आधी विचारायला हवं होतं की हे माझ्या हातून पुढे कुणाच्या हातात जाणार. तेव्हापासून सॉफ्टवेअर निवडताना मी आधी हेच बघते.

तर बघ, कामं ढोबळमानाने दोन जातीची असतात. एकात तुझ्या हातून फक्त तयार व्हिडिओ बाहेर पडतो: एखाद्याचा इंट्रो, छोट्या संस्थेची समजावून सांगणारी फिल्म, गाण्याचे शब्द, कार्यक्रमात मागच्या पडद्यावर चालणारं ग्राफिक. समोरचा माणूस फाइल प्ले करून बघतो, आवडलं की नाही सांगतो, विषय संपला. ते कशात केलं हे तो विचारत नाही आणि विचारलं तरी उत्तराने काही बदलत नाही. इथे फ्यूजन, थ्रीडीचं ब्लेंडर, न्यूक, काहीही चालतं. दुसऱ्या जातीत तू एका साखळीतली कडी असतेस. डिझायनर तुला लेयरवाली फाइल देतो, तू हलवतेस, उद्या तिसराच माणूस तुझीच फाइल उघडून मजकूर बदलतो, परवा एडिटर तिचा टेम्प्लेट म्हणून प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वापरतो. ॲप आणि वेबसाइटमधल्या हलत्या आयकॉनचं कामही यातच येतं, तिथे लॉटी नावाचा फॉरमॅट चालतो, एअरबीएनबीने तो २०१७ मध्ये काढला आणि त्याचा नेहमीचा रस्ता आफ्टर इफेक्ट्समधून एका प्लगइनने जातो. या दुसऱ्या जातीच्या कामात आफ्टर इफेक्ट्स मागतात ते उगाच नाही मागत, आणि तिथे जाऊन "पण मी हेच फ्यूजनमध्ये करून दाखवते" म्हणण्यात अर्थ नाही, कारण करून दाखवणं हा मुद्दाच नसतो, पुढच्याला उघडता येणं हा असतो.

म्हणून आता एक काम कर, ज्या नोकऱ्यांच्या जाहिराती बघून तुझा जीव खाली-वर होतोय त्यातल्या १० घे आणि सॉफ्टवेअरचं नाव झाकून बाकीचं वाच. एजन्सीतली टीम आहे का? ॲपवाली कंपनी आहे का? की एकाच माणसाकडून शूट, एडिट, ग्राफिक सगळं हवंय? या तिसऱ्या प्रकारात एडिटिंग रिझॉल्व्हवर होत असेल तर तू उलट सोयीची आहेस, कारण फ्यूजनमध्ये केलेलं टायटल मॅक्रो करून एडिट पेजवर ठेवता येतं, एडिटरला नोड बघायचीसुद्धा गरज पडत नाही, तो नुसता मजकूर बदलतो. म्हणजे पुढे फाइल देणं इथेही होतं, फक्त साखळी दुसरी आहे. १० पैकी ७-८ जाहिराती एजन्सी किंवा ॲपवाल्या निघाल्या आणि तुला मनापासून तिथेच जायचं असेल तर आफ्टर इफेक्ट्स शिकावं लागेल, हे मी गोड करून सांगणार नाही. पण आज रात्रीच हे सोडून ते धर असंही नाही, त्याचं पुढे सांगते.

त्या १० जाहिराती वाचताना आणखी एक बघ, तुला नक्की मोशन ग्राफिक्सच आवडतं ना? विचारते कारण तुझ्या पूर्ण पत्रात एकाच ठिकाणी तुझा आवाज बदललाय, जिथे तू भिंतीवर अक्षरं चिकटवल्याचं लिहिलंयस. कॅमेरा हलला तशी अक्षरं हलली, मग सावली जमवली, मग अक्षरं फारच स्वच्छ दिसतायत म्हणून शॉटमधला ग्रेन, म्हणजे चित्रातला बारीक रवाळपणा, त्यांच्यावर टाकला, हे सगळं तू चार ओळींत धावत सांगितलंयस. हे कॉम्पोझिटिंग आहे. मोशन ग्राफिक्समध्ये रिकाम्या फ्रेमपासून सुरुवात करून सगळं आपण रचतो, टाइप, रंग, लय. कॉम्पोझिटिंगमध्ये आधीच शूट झालेल्या चित्रात नवीन वस्तू अशी बसवायची की ती तिथेच होती असं वाटावं. दोन्हींत बरंच काही सामाईक आहे, पण रोज सकाळी उठून करायचं काम म्हणून ती वेगळी आहेत. आणि तुझा ओढा दुसरीकडे असेल तर नोडची तुझी सवय ही अडचण नाहीच, ती तिथली रोजची भाषा आहे. न्यूक हे तिकडचं मोठं नाव, ते डिजिटल डोमेन या इफेक्ट स्टुडिओच्या आत तयार झालं आणि २००७ पासून फाउंड्रीकडे आहे, त्याची शिकण्यापुरती फुकट आवृत्ती मिळते, त्यातून १९२० बाय १०८० पर्यंतच फ्रेम बाहेर काढता येते आणि व्यावसायिक काम करता येत नाही, पण शिकायला तेवढं भरपूर आहे. याचं उत्तर मला आत्ता नकोय, नुसतं मनात ठेव.

आता ट्यूटोरियल. तू लिहितेस की रोज अर्धा वेळ "हे फ्यूजनमध्ये कसं करायचं" यातच जातो. हा त्रास खरा आहे आणि फ्यूजनच काय, ब्लेंडरचा कॉम्पोझिटर किंवा नेट्रॉन वापरणाऱ्या प्रत्येकाला तो होतो. पण यातला बराचसा भाग चार-पाच भाषांतरं एकदा पाठ केली की सुटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते, तुझ्याबरोबर इतरांनाही उपयोगी पडेल.

लेयर एकावर एक रचतात तिथे तुझ्याकडे मर्जची, म्हणजे दोन चित्रं एकावर एक ठेवणाऱ्या नोडची, माळ असते, खालचा लेयर म्हणजे मर्जचा बॅकग्राउंड, वरचा म्हणजे फोरग्राउंड, आणि मर्जमधून बाहेर येणाऱ्या फ्रेमचा आकार बॅकग्राउंडवरून ठरतो हे लक्षात ठेव, अर्धं चित्र कापलं गेलंय असं अचानक दिसलं की पहिल्यांदा हेच तपासायचं. त्यांच्या ट्यूटोरियलमध्ये ॲडजस्टमेंट लेयर आला की तू तो इफेक्ट मर्जच्या पुढे मुख्य वायरवर टाक, झालं काम. प्रीकॉम्प (काही लेयर एकत्र बांधलेलं गाठोडं) म्हणाले की घाबरू नकोस, तुझ्याकडे त्याची वेगळी गरजच नाही, नोडची एक फांदी म्हणजेच प्रीकॉम्प. ट्रॅक मॅट म्हणजे मास्कच्या इनपुटला जोडलेलं दुसरं चित्र. नल ऑब्जेक्टला, म्हणजे एका न दिसणाऱ्या वस्तूला, सगळं पॅरेंट केलं असं दाखवलं तर बहुतेक वेळा तुला एवढंच करायचं असतं की त्या सगळ्या वस्तू आधी एका पारदर्शक बॅकग्राउंडवर मर्ज करायच्या आणि पुढे एकच ट्रान्सफॉर्म लावायचा.

मग आकडे. इथे बरेच जण अडकतात आणि कारण कुणी सांगत नाही. आफ्टर इफेक्ट्स पिक्सेलमध्ये मोजतं आणि त्याचा शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. फ्यूजन ० ते १ मध्ये मोजतं आणि शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात. १९२० बाय १०८० च्या फ्रेमचा मध्य तिकडे ९६०, ५४० आणि इकडे ०.५, ०.५. तिकडे ४८०, २७० सांगितलं तर आडवा आकडा ४८० भागिले १९२० म्हणजे ०.२५, आणि उभा १ वजा २७० भागिले १०८० म्हणजे ०.७५. उभ्या आकड्याची दिशा उलटी आहे हे विसरलं की वस्तू वर जायच्या ऐवजी खाली जाते आणि आपण तासभर कीफ्रेममध्ये चूक शोधत बसतो. एक्स्प्रेशनमध्येही, म्हणजे हालचालीसाठी लिहिलेल्या सूत्रातही, असंच, तिथे जावास्क्रिप्ट आणि टाइम म्हणजे सेकंद, इथे लुआ आणि टाइम म्हणजे फ्रेमचा नंबर, त्यामुळे कॉपी केलेलं सूत्र सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये २५ पट वेगाने पळतं, तेव्हा आधी टाइमला फ्रेम रेटने भाग. विगलच्या (आपोआप थरथर देणाऱ्या सूत्राच्या) जागी पर्टर्ब मॉडिफायर बघ. अक्षरं एकामागून एक यायला हवीत तर टेक्स्ट प्लसवर फॉलोअर लाव आणि डिलेशी खेळ. आणि पोझिशनला कीफ्रेम दिल्यावर फ्यूजन आपणहून एक पाथ बनवतं, मग स्प्लाइनमध्ये, म्हणजे कर्व्हच्या खिडकीत, तुला आडवा-उभा आकडा दिसत नाही, त्या पाथवर किती पुढे आलो तेवढंच दिसतं. दोन्ही दिशांना वेगळं ईझ हवं असेल तर पोझिशनवर एक्सवाय पाथ हा मॉडिफायर लाव. हे मला कुणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

हे भाषांतर करताना वेळ जातो खरा, पण त्यातून तुला एक गोष्ट मिळतेय जी ट्यूटोरियल जसंच्या तसं गिरवणाऱ्याला सहसा मिळत नाही, तुला प्रत्येक पायरी का केली हे समजून घ्यावं लागतं, नाहीतर ती इकडे आणताच येत नाही.

आता ते ४० प्रोजेक्ट. तू लिहिलंयस की बहुतेक सगळे ट्यूटोरियल बघून सुरू केले, इफेक्ट जमला की किंवा जमेना की सोडून दिले. अगं, यात सॉफ्टवेअर कुठे आलं? हे आफ्टर इफेक्ट्समध्येही तंतोतंत असंच झालं असतं, कदाचित ४० च्या जागी ६० झाले असते कारण तिथे ट्यूटोरियल जास्त. इफेक्ट जमणं आणि एक वस्तू पुरी करणं यांच्यामध्ये एक मोठा पट्टा आहे, तिथे कुणीच काही दाखवत नाही: मजकूर किती वेळ पडद्यावर ठेवायचा म्हणजे वाचून होईल, पहिली गोष्ट जाताना दुसरी कधी आत येईल, आवाजाच्या ठोक्याच्या दोन फ्रेम आधी हलवायचं की नंतर, शेवटची फ्रेम किती थांबवायची. मोशन ग्राफिक्स हे मुख्यतः या पट्ट्यात घडतं, आणि तू अजून तिथे फारशी गेलीच नाहीयेस. हे मी रागावून म्हणत नाही, आठ महिने रात्री जागून शिकणाऱ्या मुलीवर रागवायचं कशाला. पण सॉफ्टवेअर बदललं की हे आपोआप सुटेल असं तुला वाटत असेल तर नंतर फार वाईट वाटेल, म्हणून आत्ताच सांगते.

तर पुढचे सहा आठवडे असं कर. नवीन ट्यूटोरियल बंद. तीन तुकडे करायचे, प्रत्येक १५ सेकंदांचा, दोन आठवड्यांना एक, आणि प्रत्येक पूर्ण करून रेंडर करायचाच, आवडो न आवडो. पहिल्यात फक्त काळा, पांढरा आणि एकच फॉन्ट, आकार म्हणून चौकोन आणि गोल, बस. ग्लो नाही, पार्टिकल नाही. एखादं वाक्य घे, तुझ्या जवळचं कुणीतरी बोललेलं असलं तरी चालेल, त्याचा आवाज रेकॉर्ड कर आणि शब्द त्या आवाजाच्या लयीत हलव. इथे एक सराव जरूर कर: एकच शब्द आत येण्याची हालचाल ६ फ्रेममध्ये, १२ फ्रेममध्ये आणि २४ फ्रेममध्ये करून तिन्ही लागोपाठ बघ. शब्द तोच, पण एकदा तो ओरडतो, एकदा बोलतो, एकदा विचार करतो. हा कान, म्हणजे खरं तर डोळा, तयार झाला की तो जन्मभर तुझा. दुसऱ्या तुकड्यात रंग आणि एखादा लोगो घे. तिसरा तुझ्या आवडीचा, खऱ्या शॉटमध्ये बसवलेली अक्षरं, आणि या वेळी सावली, ग्रेन, फोकस सगळं शेवटपर्यंत नेऊन.

तुझं मशीन जुनं आहे म्हणतेस तर प्रॉक्सी, म्हणजे कमी रिझोल्यूशनमध्ये काम, चालू ठेव, काम करताना मोठी फ्रेम घेऊ नकोस, आणि जो भाग पक्का झाला तो ईएक्सआर सिक्वेन्स, म्हणजे एकेका फ्रेमची चित्रं, म्हणून काढून परत आत घे म्हणजे दर वेळी सगळी माळ मोजत बसावी लागणार नाही. लिनक्सवर रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, ती एच २६४ चे व्हिडिओ उघडत नाही, आधी दुसऱ्या कोडेकमध्ये बदलून घ्या, तुमचं मशीन बिघडलेलं नाहीये.

सहा आठवडे झाले की मग, आणि मगच, आफ्टर इफेक्ट्सची ७ दिवसांची ट्रायल घे. आत्ता घेऊ नकोस, आत्ता घेतलीस तर सात दिवस मेनू बघण्यात जातील. तेव्हा तुझ्याकडे तुझा स्वतःचा पूर्ण झालेला तुकडा असेल, तोच तिथे पहिल्यापासून पुन्हा बनव. काय बनवायचं हे ठरलेलं असल्यामुळे तुला फक्त ते कुठे आहे एवढंच शोधायचंय, आणि आठवड्याच्या शेवटी तुला स्वतःच्या हाताने कळेल की कुठे ते खरंच भराभर होतं, कुठे तू नोडची आठवण काढलीस. मला विचारशील तर टेक्स्टची बारीक ॲनिमेशनं आणि इलस्ट्रेटरमधून आलेले लेयर यात तुला तिकडे सुटसुटीत वाटेल, आणि एकाच गोष्टीच्या दहा आवृत्त्या काढायच्या असतील किंवा शॉटमध्ये काही बसवायचं असेल तेव्हा इकडे यावंसं वाटेल. पण माझं राहू दे, तुझं तू बघ. मग त्या १० जाहिरातींचा हिशोब आणि हा अनुभव शेजारी ठेवून ठरव. आफ्टर इफेक्ट्स हवंच असं ठरलं तर एखादं काम हातात आलं की त्या कामाच्या महिन्यापुरतं सबस्क्रिप्शन घे, घेताना अटी नीट वाच, वर्षाचा करार करून महिन्याला पैसे भरायचा प्रकार वेगळा आणि सुटा एक महिना वेगळा.

नेट्रॉनबद्दल दोन शब्द, कारण ते सोडल्याची खंत तुझ्या पत्रात दिसते. नेट्रॉनचं काम फ्रान्समधल्या इनरिया या संशोधन संस्थेत सुरू झालं, रोटो (फ्रेम-फ्रेमने आकार कापणं), कीइंग (हिरवा पडदा काढणं), मर्ज या गोष्टी त्यावर उत्तम शिकता येतात आणि त्याची मांडणी न्यूकसारखी असल्यामुळे पुढे न्यूककडे जाणाऱ्याला फार ओळखीचं वाटतं. पण त्यात थ्रीडी नाही, टेक्स्टची साधनं तोकडी आहेत आणि विकासाचा वेग मंदावलाय. ओपन सोर्सबद्दलचं तुझं प्रेम मला समजतं, मलाही ते आहे, पण एखाद्या साधनाला त्याच्या कामापुरतं वापरणं म्हणजे त्याला दगा देणं नव्हे. ओपन सोर्समध्येच राहायचं असेल तर मोशन ग्राफिक्ससाठी ब्लेंडर बघ, थ्रीडी अक्षरं आणि जॉमेट्री नोड्स यात ते फार पुढे गेलंय, आणि नोडची सवय तुला आहेच. "हट्टाने इथेच राहू का" असं तू लिहिलंस ना, तर हट्ट साधनासाठी करू नकोस, कामासाठी कर.

राहिली ती काळी रेघ. हा फ्यूजनचा प्रॉब्लेम नाही. पारदर्शक चित्रात प्रत्येक पिक्सेलला रंगाबरोबर अल्फा असतो, म्हणजे तो किती झाकतो ते. आता कडेचा अर्धवट झाकणारा पिक्सेल दोन प्रकारे साठवता येतो: रंग पूर्ण ठेवून अल्फा वेगळा, याला स्ट्रेट म्हणतात, किंवा रंगाला आधीच अल्फाने गुणून, याला प्रीमल्टिप्लाइड म्हणतात. एक चित्र दुसऱ्यावर ठेवायचं हे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडलं ते गुणलेल्या रंगांवरच, आणि आज तुझा मर्ज नोड तेच करतो. तुझ्या लोगोचं बहुधा असं होतंय की रंग आधीच गुणलेले आहेत आणि सॉफ्टवेअर त्यांना स्ट्रेट समजून पुन्हा एकदा गुणतंय. अर्धा गुणिले अर्धा म्हणजे पाव, कड काळवंडते. त्यावर कलर करेक्टर टाकून गॅमा खाली ओढलास की ती आणखी उठून दिसते.

रिझॉल्व्हच्या मीडिया पूलमध्ये लोगोच्या क्लिपवर राइट क्लिक करून क्लिप ॲट्रिब्यूट्स उघड आणि अल्फा मोड स्ट्रेटवरून प्रीमल्टिप्लाइड करून बघ, बहुतेक रेघ तिथेच जाईल. आणि कलर करेक्टरमध्ये प्री-डिव्हाइड, पोस्ट-मल्टिप्लाय अशी एक चौकट आहे, पारदर्शक गोष्टीचा रंग बदलताना तिथे टिचकी मारत जा, म्हणजे रंग आधी अल्फाने भागला जातो, मग बदलला जातो, मग परत गुणला जातो आणि कडा शाबूत राहतात. मित्रालाही आफ्टर इफेक्ट्समध्ये त्याच लोगोवर इंटरप्रेट फुटेजची खिडकी उघडायला सांग, स्ट्रेट की प्रीमल्टिप्लाइड हाच प्रश्न त्याला तिथे विचारलेला दिसेल, आणि शेजारी गेस नावाचं बटणसुद्धा.